मोठ्यानं घेतलेला संकल्प

योग शिकवणारी बाई कधी चिडत नाही, असा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. मी चिडते. रोज चिडते. चपला रांगेत नसल्या की चिडते, श्वास घ्या म्हटलं की सोडतात म्हणून चिडते, आणि शवासनात कोणाचा मोबाइल वाजला तर मग विचारूच नका. आमचे हे म्हणतात, "तू आधी स्वतः तुझ्या क्लासला जात जा." पण खरं सांगू? इतकी वर्षं रायपुरात हे काम केलं, त्यात रागापेक्षा धक्केच जास्त बसले. माणसं डोळे मिटून आडवी झाली की त्यांच्यातून काय काय बाहेर येईल याचा काही नेम नाही, बाप्पा! अजूनही मी मधेच हबकते आणि दोन मिनिटं तशीच उभी राहते.

भाषेचं आधीच सांगून टाकते. आमचे बाबा रेल्वेच्या नोकरीपायी भंडाऱ्याकडून इथं आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. माझ्या पोट्ट्यांना मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत देतात. तेव्हा या लेखात थोडी खिचडी होणार. संपादकांनी त्यातली डाळ आणि तांदूळ वेगळे करत बसू नये.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे लोकांचे हातपाय वाकवणं. ते तर सोपं आहे हो. वाकत नसेल तर उद्या वाकेल. अवघड काम शेवटी असतं, सगळे शवासनात पडल्यावर. तेव्हा मी संकल्प घ्यायला लावते. पूजेत हातावर पाणी सोडून करतात तो संकल्प वेगळा. आमचा म्हणजे एक लहानसं वाक्य, आजच्या दिवसात मी कशी वागणार याचं. अंग सैल पडलेलं असतं, मनातली कटकट थोडी खाली बसलेली असते, अशा वेळी ते वाक्य मनातल्या मनात तीनदा म्हणायचं. मग दिवसभर भांडी घासताना, गाडी चालवताना, साहेब ओरडत असताना ते आठवायचं. बास. यात चमत्कार काही नाही. घरातून निघताना किल्ली घेतली का, हे जसं आपण खिसा चाचपून बघतो, तसं मन चाचपून बघायचं.

पण नियम आहेत. वाक्यात 'नाही' नको, कारण 'चहा पिणार नाही' म्हटलं की डोळ्यांपुढे वाफाळता चहाच येतो. घरच्या बोलीत घ्यायचा, पुस्तकी भाषेत नको. स्वतःपुरता घ्यायचा, दुसऱ्याला सुधारायचं कंत्राट घ्यायचं नाही. आणि कोणाला सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. हा शेवटचा नियम मी फार कडक पाळते. बोलून दाखवलेला संकल्प लोकांना दाखवण्यापुरता उरतो, असं मी शिकले आणि तसंच शिकवत आले.

लोक ऐकतात का? छे! तेलीबांध्याला तलावाजवळच्या नव्या फ्लॅटवाल्यांचा माझा एक क्लास होता. त्यातले एक भैया क्लास संपल्यावर मला बाजूला घेऊन, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दीदी, मैंने तालाब-फेसिंग फ्लैट का संकल्प लिया था. गार्डन-फेसिंग मिला. मुझसे कहीं स्टेप में गलती हुई क्या?" त्याच क्लासमधल्या एक काकू हौसेनं सांगायला आल्या, की त्या रोज "माझी सून लवकर उठते" असा संकल्प घेतात. मी म्हटलं, "अहो, मग सुनेनं यायला पाहिजे ना क्लासला!" तर म्हणतात, "ती कशी येणार? झोपलेली असते!"

ब्राह्मणपाऱ्यातल्या क्लासात तर माझा जीवच गेला होता. तिथं एक कापड दुकानदार यायचे. मन लावून यायचे, कधी दांडी नाही. एकदा सगळे शवासनात, शांतता, माझा आवाज तेवढा चालू, आणि यांना अचानक ठसका लागला. साधा ठसका नाही. चेहरा लाल, मग जांभळा, डोळे बाहेर. मी धावले, कुशीवर वळवलं, पाठीत दणके घातले. तोंडातून काय निघावं? गुटखा! गालात दाबून हा माणूस उताणा पडला होता. श्वास परत आल्यावर मी तोंड सोडलं. ते बिचारे हात जोडून म्हणाले, "दीदी, मैं गुटखा छोड़ने का ही तो संकल्प ले रहा था." मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. हसू काही आवरत नव्हतं.

हे सगळं मी हसत सांगते. पण बीरगांवच्या क्लासची गोष्ट मला कधी हसत सांगता आली नाही.

बीरगांवला सामुदायिक भवनात मी सकाळचा क्लास घेते. शेजारी कारखाने. त्यामुळे कोणी पाळीवर जायच्या आधी येतं, कोणी पाळी संपवून तसंच येतं आणि शवासनात घोरतं. मी घोरू देते. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, मधे जाण्यापुरती जागा. तिथं एके दिवशी ढोके काका आणि शांता काकू आले. काका रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, नुकतेच रिटायर झाले होते. उंच, ताठ, कमी बोलणारे. काकू त्यांच्या खांद्याएवढ्या, चटपटीत. मी मराठीत बोलले तर त्यांनी माझा हातच धरला. "माय वो, तुमी मराठी! मंग तं बरं झालं. याइले झोप येत नाही हो, दीदी. डोळा लागते न लागते तं उठून बसतात. काही तरी करा."

पहिल्याच दिवशी शवासनात मी फिरत फिरत काकांजवळ आले, तर हे टक्क डोळे उघडे ठेवून छताकडे बघून राहिलेले.

"काका, डोळे मिटा."

"मिटत नाहीत, मॅडम."

"मिटत नाहीत म्हणजे काय?"

"साऱ्या नोकरीभर डोळे उघडे ठेवाचाच पगार घेतला म्या. आता मीट म्हटलं तं कसे मिटतील?"

मला हसू आलं. म्हटलं, असू द्या, उघडे तर उघडे. असे दिवस गेले. आसनं ते नीट करत. सांगितलं तेवढंच, ना कमी ना जास्त. संकल्पाच्या वेळीही छताकडे बघत गप्प पडून असत. मला वाटलं, रुळतील हळूहळू.

आणि मग ती सकाळ. मी नेहमीसारखं म्हटलं, "आता आपला संकल्प. मनातल्या मनात, तीनदा." हॉल गप्प झाला. आणि पुरुषांच्या बाजूनं एवढा मोठा आवाज आला, की मी दचकून मागे सरले.

"म्या ब्रेक मारला होता!"

ढोके काका. इंजिनच्या घरघराटात ऐकू जावा असा तो आवाज. पुन्हा, "म्या ब्रेक मारला होता!" आणि पुन्हा. तीनदा. जसं मी सांगितलं होतं तसंच.

सगळ्यांचे डोळे उघडले. बायांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं. मी सवयीनं चिडले. "काका, मनातल्या मनात म्हटलं मी! आणि संकल्प पुढचा असतो. हे तुम्ही झालेलं सांगून राहिले." काका उठून बसले, "हव," म्हणाले आणि चटई गुंडाळून बाहेर गेले. मी बायांकडे बघितलं. शांता काकू हसत नव्हत्या. पडल्या जागी त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. कुजबुज सुरू झाली. "इन भैया को अलग बिठाओ, दीदी, डर लगता है," असं कारखान्यातली एक बाई मला सांगून गेली. त्या दिवशी शांता काकू मागे थांबल्या. काका बाहेर पायरीवर बसले होते. काकू चटया झटकल्यासारखं करत, खाली मान घालून बोलत होत्या.

"दीदी, कोन्याही ड्रायव्हरच्या गाडीखाली कधी ना कधी कोणी येतेच. लग्न होऊन आली तवा दुसऱ्या ड्रायव्हरच्या बायकायनं मले सांगून ठेवलं होतं, विचाराचं नाही. मंग म्या नाही विचारलं. ज्या दिवशी हे अंगणातल्या नळावर आंघोळ करूनच घरात येत, त्या दिवशी मी समजून जाओ. जेवाले वाढो अन् गप राहो."

"मग हे ब्रेकचं?"

"मले नाही मालूम. म्या विचारलंच नाही ना." मग त्यांनी मान वर केली. "पण आता मले भेव वाटते, दीदी. हे सकाळी उठून रेल्वे फाटकाकडे जातात. गेट बंद असलं तरी आत जाऊन रुळाजवळ उभे राहतात. गेटवाल्यानं हाताले धरून घरी आणून सोडलं याइले. एखाद्या दिवशी हा मानूस घरी येणार नाही."

डॉक्टरला दाखवलं का विचारलं. दाखवलं होतं. त्यानं झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मनाच्या डॉक्टरकडे जा म्हटलं. काका म्हणाले, मी काय पागल हाओ? झालं, तिथंच थांबलं. मी म्हटलं, "काकू, हे माझं काम नव्हे. मी हात वर करायला शिकवते, औषध देत नाही. त्या डॉक्टरकडे न्यायचंच." त्या हो म्हणाल्या, पण कसं नेणार, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

त्यानंतरची सकाळ मी जन्मात विसरणार नाही. मी स्कूटीनं क्लासला निघाले होते. फाटक लागलेलं, मालगाडी यायची होती. पाचपन्नास गाड्या इकडं, तेवढ्याच तिकडं, सगळे हॉर्न वाजवून राहिले. आणि दांड्याच्या आत, रुळाला अगदी लागून, ढोके काका उभे. ताठ. हात बाजूला. गाडीचा आवाज आला. लोक ओरडू लागले, "अरे काका! हटो!" मी स्कूटी तशीच टाकली, ती पडल्याचा आवाज मला मागून ऐकू आला, दांड्याखालून वाकून घुसले आणि काकांच्या शर्टाची कॉलर धरली. हो, कॉलर! वडिलांच्या वयाच्या माणसाची. खेचून मागे आणलं. गाडी गेली. डब्यामागून डबे, डब्यामागून डबे, संपतच नव्हते. ती जाईपर्यंत मी कॉलर सोडली नाही. मला रडू फुटलं होतं आणि मी त्यांना भर रस्त्यात शिव्या देत होते. काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही.

गेटवाल्यानं आम्हा दोघांना पलीकडच्या चहाच्या टपरीवर बसवलं. काकांनी माझी स्कूटी उचलून आणली, तिचा आरसा सरळ केला आणि मग माझ्यासमोर बसले. मी विचारलं, "काहून, काका? काहून असं?" आणि माझ्या वयाला न शोभेल असं हुंदके देत राहिले. मला वाटतं, माझ्या त्या रडण्यानंच त्यांचं तोंड उघडलं.

नोकरीच्या शेवटी शेवटी, इथून फार लांब नाही, सकाळची वेळ. एक बाई हातात डब्याची पिशवी घेऊन रूळ ओलांडत होती. पाळीवर जात असावी. काकांनी हॉर्न दिला आणि दिसताक्षणी इमर्जन्सी ब्रेक मारला. "पण मॅडम, गाडी काही सायकल नाही. इतकं वजन. ब्रेक मारल्यावरही ती लांबवर जाते. आमाले आत समजते, चाकं धरली, ती घसरू नये म्हणून रुळावर रेती सुटली, सारं झालं. भाईरच्या मानसाले वाटते, गाडी तशीच जाऊन राहिली." गाडी थांबली ती बाईच्या कितीतरी पुढं. लोक धावत आले. त्यांच्यातला एक माणूस, नवरा असेल, भाऊ असेल, थेट इंजिनच्या खिडकीखाली आला आणि वर बघून ओरडू लागला, "ब्रेक काबर नइ मारेस गा? ब्रेक काबर नइ मारेस?"

"का नाही मारला म्हणून विचारे. माया हात ब्रेकवरच होता, मॅडम. तिथंच होता. पण तोंडातून शब्द निघाला नाही. मंग वॉकीटॉकीवर गार्ड बोलला, पुढचं झालं, अन् गाडी न्या म्हणून सांगतलं. म्या गाडी नेली. तो मानूस तिथंच राह्यला." काकांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता, पण पीत नव्हते. "चौकशीत सारं बरोबर निघालं. मायी काही गलती नाही. पण त्यानं सायबाले थोडी विचारलं होतं? मले विचारलं होतं."

मी विचारलं, "मग क्लासात मोठ्यानं का म्हणता? मी मनातल्या मनात सांगते ना."

यावर काका पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलले. "मनातलं आमच्या कामात धरतच नाहीत, मॅडम. लांबचा सिग्नल दिसला का असिस्टंट हात पुढं करून मोठ्यानं म्हणे, डिस्टंट पिवळा! मंग म्या पण हात करून तेच म्हणाचं, डिस्टंट पिवळा! दोघायच्या तोंडून निघालं तवा तो सिग्नल पाह्यला म्हणाचा. एकानंच म्हटलं तं नाही. कोणी काही सांगतलं अन् दुसऱ्यानं परत म्हटलं नाही, असं माह्या साऱ्या नोकरीत झालं नाही. आता तुमी सांगता मनात म्हणा. मनात तं मी तवापासून म्हणूनच राहिलो. परत म्हणाले कोण हाये?"

इतकी वर्षं मी हॉलभर माणसांना मनातल्या मनात बोला म्हणून सांगत आले, आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"आणि इथं रुळाजवळ कशाला येता?"

"तो मानूस कधी दिसला तं सांगीन म्हणतो."

"आणि नाही दिसला तर?"

काकांनी चहाचा घोट घेतला. मग अगदी साध्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "गाडी जवळ आली का पाय आपोआप पुढं जाते, मॅडम. मी नाही नेत." आणि लगेच, "हिले नका सांगू. ती विचारत नाही, मी सांगत नाही. असंच बरं हाये."

लोकांच्या मनातलं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. एखादा नवरा आपल्या बायकोच्या संकल्पाची चौकशी करायला आला तर त्याला दारातून परत लावणारी मी. पण त्या दिवशी क्लास आटोपला आणि मी सरळ ढोक्यांच्या घरी गेले. काका दूध आणायला गेलेले बघून काकूंना शब्द न् शब्द सांगितला. बाईचं, डब्याच्या पिशवीचं, खिडकीखालच्या माणसाचं, पाय आपोआप पुढं जाण्याचं. ते एकमेकांना सिग्नल ओरडून सांगण्याचंही सांगितलं. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. काकू भाजी निवडत होत्या. हात चालूच राहिले. शेवटी एवढंच म्हणाल्या, "ब्रेक मारला होता, म्हणून म्हणतात व्हय. अन् मले वाटे, मारला नाही म्हणून झोप येत नसन." आणि भाजीचं ताट बाजूला ठेवून पदर तोंडाशी नेला. डॉक्टरची वेळ मी तिथंच बसून फोनवर ठरवली. पण ती मिळाली दोन दिवसांनंतरची. मधे दुसरी सकाळ होती, आणि तिथून फाटक दोन गल्ल्यांवर.

त्या सकाळी दोघं आले. मी मनाशी ठरवलं होतं की आज नियम गेला खड्ड्यात. काका बोलले की मी परत म्हणेन. आसनं कशी घेतली मला आठवत नाही. एकदा तर डावा पाय दोनदा करायला लावला, आणि कोणी बोललंही नाही. मग शवासन. मी म्हटलं, "संकल्प," आणि पुढचं 'मनातल्या मनात' माझ्या तोंडून निघालंच नाही.

"म्या ब्रेक मारला होता!"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधीच बायांच्या बाजूनं आवाज आला. खणखणीत, काकांच्या आवाजाला तोडीस तोड.

"तुमी ब्रेक मारला होता!"

शांता काकू. उताण्या पडलेल्या, डोळे मिटलेले, एक हात वर केलेला.

हॉलमधली एकेक मान उचलली गेली. काका हलले नाहीत. मग पुन्हा, या वेळी आवाज फाटलेला, "म्या ब्रेक मारला होता."

"तुमी ब्रेक मारला होता."

तिसऱ्यांदा काका बोललेच नाहीत. कोपरावर उठून ते मधल्या जागेपलीकडं बायकोकडं बघत होते. जसं तिला आजच पाहिलं. आणि काकू, डोळे न उघडता, त्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "आता माया संकल्प ऐका. मी इथं आली त्या दिवसापासून रोज म्हणते तो."

"काकू..." मी म्हटलं. जुनी सवय, दुसरं काय!

"आज याइले जित्तं घरी नेईन!"

माय वो! पहिल्या दिवसापासून? मी त्यांच्या शेजारून रोज जात होते. गुडघ्याखाली उशी सरकवत होते. त्यांचा शांत चेहरा बघून इतर बायांना म्हणत होते, बघा, संकल्प घ्यावा तर काकूंसारखा! आणि ती बाई तिथं पडून रोज हे म्हणत होती. संकल्प स्वतःपुरता घ्या, असं मी तिच्याच डोक्याशी उभी राहून बजावत होते.

सगळे काकांकडं बघत होते. मीही. त्यांचा जबडा हलत होता, शब्द येत नव्हता. त्यांना सांगितलं गेलं होतं, आणि परत म्हणणं बाकी होतं. मग त्यांचा उजवा हात, त्यांनी उचलला असं नाही वाटलं मला, आपोआपच वर आला, बोट समोर करून.

"आज..." काका म्हणाले. घसा साफ केला. आणि मग पूर्ण आवाजात, "आज जित्ता घरी जाईन!"

काकू उठून बसल्या. पदरानं तोंड पुसलं, दोघांच्या चटया गुंडाळून काखेत मारल्या आणि म्हणाल्या, "चला." मी दारापर्यंत गेले. रस्ता तिथून थोडं अंतर रुळाला लागून जातो. काका सवयीनं रुळाच्या बाजूला झाले, तशी काकूंनी त्यांना दंडाला धरून अलीकडं घेतलं आणि स्वतः त्या बाजूला गेल्या. अजूनही ते दोघं क्लासहून घरी जातात तेव्हा रुळाच्या बाजूनं काकूच चालतात.